दादाच्या नावाचं रक्त

दादाने एकदा मनावर घेतलं की समोर डॉक्टर उभा राहो नाहीतर पोलीस, ऐकायचं नाही. धाकट्याचं नेमकं उलट. त्याला 'तुला काय वाटतं' असं विचारलं की तो आधी दादाच्या तोंडाकडे बघणार. चोपन्न वर्षांचा बाप्या, कानशिलं पांढरी झालेली, पण दादाने बस म्हटलं की बसणार आणि ऊठ म्हटलं की उठणार. दोघांचं मिळून सोफे-खुर्च्या मढवायचं दुकान होतं. दादा कापड बेतायचा, कापायचा. धाकटा फोम भरायचा आणि पिना मारायचा. लग्न त्याने केलं नाही. झोपायला दुकानाच्या माडीवर, जेवायला दादाकडे. वहिनी वाढता वाढता म्हणायची, "भाऊजी, कधीतरी स्वतःला काय हवंय तेही सांगत जा." तो हसायचा आणि आणखी थोडी आमटी मागून घ्यायचा.

दोन वर्षांपूर्वी दादाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. वेळेवर निघाला, असं सगळे म्हणाले. ऑपरेशन करून ती ग्रंथीच काढून टाकली. पण त्यानंतरचे महिने दादाचे फार वाईट गेले. लघवीवर ताबा राहिला नव्हता. साठीचा माणूस तान्ह्या मुलासारखा कमरेला दुपटं बांधून दुकानात यायचा, गिऱ्हाइकाला कापडाचे नमुने दाखवता दाखवता मध्येच गप्प व्हायचा आणि मागच्या खोलीत निघून जायचा. एकदा धाकट्याने त्याला कापडाच्या गठ्ठ्यांमागे रडताना पाहिलं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून तो परत फिरला आणि उगाचच जोरजोरात हातोडी आपटत बसला. दादा हळूहळू त्यातून सावरला, पण त्या दिवसांचं नाव कोणी काढलं की अजून तोंड फिरवायचा.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. रक्तातला पीएसएचा आकडा शून्याला चिकटून राहायला हवा. पहिल्या काही खेपांना तो राहिला. मग एकदा किंचित हलला. बाई म्हणाल्या, "आत्ताच घाबरू नका. पुढच्या वेळी आणखी वर गेला तर मात्र किरणं सुरू करायची. रोज यायचं, सात आठवडे."

आणि नेमकं तेव्हाच नाट्यगृहाचं काम आलं. सहाशे खुर्च्या! नवी गादी, नवी पाठ, वरून गडद लाल मखमल. आजवर लोकांच्या घरातले बसके सोफे उभे करण्यात जन्म गेला, आणि आता सगळं शहर ज्यावर येऊन बसणार असं काम हातात आलं होतं. दादाचे पाय जमिनीवर नव्हते. आगाऊ रक्कम घेऊन त्याने मखमलीचे तागे मागवले, चार कारागीर जास्तीचे लावले. वहिनीने एकदा विचारलं, "आणि मध्येच किरणं घ्यायची वेळ आली तर?" तर म्हणाला, "शुभ बोल जरा."

रक्त द्यायचा दिवस जवळ आला तेव्हा दोघं भाऊ रिकाम्या नाट्यगृहात खुर्च्यांची जुनी कापडं फाडत बसले होते. दादा एकदम म्हणाला, "या खेपेला रक्त तू दे."

"मी? मला काय धाड भरलीय?"

"काही नाही भरली, म्हणूनच म्हणतोय. माझ्या नावाने दे."

धाकट्याच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "दादा, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. आकडा वर गेला की ती बाई मला सात आठवडे मशीनखाली झोपवणार. इथे मखमल कोण कापणार, तू? सरळ रेघ मारता येते का तुला?" मग दादाचा आवाज खाली आला. "आणि पुन्हा ते दुपटं बांधायची पाळी आली तर? मला नाही जमणार रे आता. मी घाबरलोय. हे एवढं काम होऊ दे. पुढच्या वेळी मी देतो, शब्द देतो तुला."

दादाला घाबरलेलं धाकट्याने लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं. अंधाराला, कुत्र्यांना, मास्तरांना, सगळ्यांना घाबरायचं काम त्याचं आणि त्याला पाठीशी घालायचं काम दादाचं. आज कुठे परतफेड करायची वेळ आली, असं त्याला वाटलं. खरं तर अशा वेळी माणसाने नाही म्हणायला तोंड उघडायचं असतं. पण धाकट्याने मान हलवली आणि पुढच्या खुर्चीचं कापड फाडायला घेतलं.

लॅबची मुलगी सकाळी दुकानावरच आली. वहिनीचा डोळा चुकवायला दादानेच तशी व्यवस्था केली होती. मुलगी नवीन होती, या दोघांतलं कोणी तिच्या ओळखीचं नव्हतं. धाकटा खुर्चीत बसला, बाही वर केली. तिने नाव विचारलं, त्याने दादाचं सांगितलं. वय विचारलं तेव्हा सहा वर्षं वाढवायला त्याला जरा वेळ लागला. ओळखपत्रावर दादाचा जुना फोटो होता. दोघांचं नाक एक, कपाळ एक. मुलीने फोटोकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, दंडाला पट्टा बांधला.

"आणि हे कोण?" तिने बाजूला उभ्या असलेल्या दादाकडे मान वळवली.

"हा माझा धाकटा भाऊ," धाकटा म्हणाला.

मुलीने दादाच्या पांढऱ्या मिशांकडे नीट बघून घेतलं. "धाकटे जास्तच थकलेत की हो!"

ती गेल्यावर दोघं पोट धरधरून हसले. दादा तर कापायच्या टेबलावर हात टेकून डोळे पुसत होता. कितीतरी महिन्यांत तो असा हसला नव्हता, आणि धाकट्याला वाटलं, चला, एवढ्यासाठी तरी सुई टोचून घेतली ते बरं झालं.

रिपोर्ट आला. एक पूर्णांक तीन. शेजारी बारीक अक्षरांत छापलेलं, चारपर्यंत ठीक. लाल खूण नाही की काही नाही. दादाने तो मुद्दाम जेवायच्या टेबलावर वहिनीपुढे ठेवला.

"मागच्या खेपेला शून्य काहीतरी होतं ना हो?" वहिनी म्हणाली.

"अगं, चारपर्यंत चालतं. वाच ना, लिहिलंय तिथे."

तिने दोनदा वाचलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ती धाकट्याशीसुद्धा खूप बोलली, खूप दिवसांनी बोलली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. उशीर करू नका, आजच या. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. दादाने धाकट्यालाही सोबत ओढलं. तपासणीच्या खोलीत तिघं खुर्च्यांवर बसले आणि बाईंनी रिपोर्टवर बोट ठेवलं.

"हे चारपर्यंत ठीक कोणासाठी? ज्यांची ग्रंथी जागेवर आहे त्यांच्यासाठी. त्यांच्या रक्तात एवढं असतंच. यांची ग्रंथी तर आपण काढून टाकलीय. मग हे येतंय कुठून? सुटलेल्या पेशी कुठेतरी जाऊन बसल्यात, तिथून येतंय. आणि मागच्या आकड्यावरून एकदम इतकी उडी! याचा वेग मला अजिबात आवडलेला नाही."

वहिनीने पदर तोंडाला लावला. धाकट्याने दादाकडे पाहिलं. दादा खाली मान घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. वहिनीला वाटलं तो रडतोय. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. धाकटा त्याला चांगला ओळखत होता. दादा हसू दाबत होता.

बाहेर आल्यावर दादाने त्याला कोपऱ्यात घेतलं. "अरे गाढवा, कळलं का? तुझी ग्रंथी जागेवर आहे! तो आकडा तुझा आहे. तुझ्या मानाने तू ठणठणीत आहेस."

"आणि तू?"

"मी? ही बोंब सगळी तुझ्या रक्तावरून चाललीय. म्हणजे मला काही नाही!"

ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारून घ्यावा असं हे बोलणं. पण धाकट्याला ते पटलं. शपथेवर सांगावं इतकं पटलं. जीव इतका टांगणीला लागला होता की सुटल्याबरोबर दोघांनाही पुढचा विचार करायची गरजच वाटली नाही.

बाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. खात्री करायला पुन्हा रक्त द्या म्हणाल्या. आता काय करायचं? दादा म्हणाला, "तूच बस परत. मी दिलं आणि भलताच आकडा आला तर बिंग फुटेल." धाकटा परत बसला. आकडा परत तोच आला, येणारच होता. मग मोठा स्कॅन झाला. तो मात्र दादाचाच, मशीनपुढे धाकट्याला कसा उभा करणार? स्कॅनमध्ये काहीच दिसलं नाही. दादाला तर आभाळ ठेंगणं झालं. बाई म्हणाल्या, "चांगलंच आहे. अजून इतकं बारीक आहे की मशीनला दिसत नाही, फक्त रक्ताला कळतंय. आत्ता किरणं दिली तर हे कायमचं संपवता येईल. हीच वेळ आहे, ही घालवू नका."

"मला काही झालेलं नाही," दादा म्हणाला आणि उठला.

वहिनीने काय काय केलं नाही! रडली, भांडली, अबोला धरला. दादाच्या ताटासमोर बसायची आणि स्वतः घास तोंडात घालायची नाही. बाईंचे फोन येत, दादा उचलायचा नाही. पुढच्या रक्ताची वेळ आली तेव्हा, दिलेला शब्द विसरून, म्हणाला, "आता कशाला? तपासून झालंय सगळं." वहिनीला वाटायचं, मरणाच्या भीतीने माणसाचं डोकं फिरलंय. सगळ्यांत जास्त तिला राग यायचा तो धाकट्याचा. हा एवढा जवळचा भाऊ, आणि हा दादाच्या बाजूने मान डोलावतो! धाकटा तिच्या नजरेला नजर द्यायचा नाही. पण त्याला वाईट वाटायचं ते तिच्याशी खोटं बोलतोय म्हणून. दादाची काळजी त्याला वाटतच नव्हती. तो आकडा माझा, दादा ठीक, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं.

नाट्यगृहाच्या रांगा एकेक करून लाल होत गेल्या. काम देखणं होत होतं यात वाद नाही. दादा स्वतः प्रत्येक खुर्चीवर बसून बघायचा. मग मग बसल्यावर त्याला उठायला त्रास व्हायला लागला. उजव्या खुब्यात कळ यायची. "वाकून वाकून कंबरडं मोडलं," तो म्हणायचा. कारागीर त्याला मलम आणून द्यायचे.

एका दुपारी दादा खुर्चीच्या हाताला धरून उठला, अर्ध्यावर थांबला आणि त्याच्या तोंडून 'आई गं' निघालं. धाकटा पिना मारत होता. त्याचा हात थांबला. इतके महिने डोक्यात जे आलं नाही ते त्या क्षणी आलं.

"दादा, तो आकडा माझा होता ना?"

"मग?"

"मग तुझा कुठाय?"

"माझा काय?"

"तुझा आकडा. तो किंचित हलला होता, तेव्हापासून तुझं रक्त कोणी बघितलंच नाही, दादा. मला काही नाही एवढंच कळलंय. तुझं काही कळलेलंच नाही."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. त्यालाही ते कळलं होतं, आज नाही, आधीच कधीतरी. धाकट्याला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग दादाने हातातली कात्री मखमलीवर फेकली. "तुला कधीपासून अक्कल फुटली? एक शेवटची रांग राहिलीय. घरी एक शब्द बोललास तर माझं मेलं तोंड बघशील."

आणि धाकटा गप्प बसला. शेवटची रांग झाली, नाट्यगृह उघडलं, लोक नव्या खुर्च्यांवर हात फिरवून वाहवा करून गेले, तरी तो गप्पच बसला. घास गिळवत नव्हता, माडीवर झोप लागत नव्हती, पण तोंड उघडत नव्हतं. भ्याड म्हणावं की आज्ञाधारक, ज्याने त्याने ठरवावं.

शेवटी वहिनीच माडी चढून आली. ती कधी वर येत नसे. धापा टाकत गादीच्या कडेला बसली. "भाऊजी, मी पदर पसरते तुमच्यापुढे. ते लंगडायला लागलेत. ते फक्त तुमचं ऐकतील. त्यांना किरणं घ्यायला लावा."

धाकटा भिंतीकडे तोंड करून बोलला. "वहिनी, ते रक्त माझं होतं. दोन्ही वेळा. दादाने बसवलं, मी बसलो. तो आकडा दादाचा नव्हताच."

त्याने वळून पाहिलं. त्याला वाटलं होतं ती कानाखाली वाजवेल, वाजवायलाच हवी होती. पण वहिनीचा चेहरा हळूहळू उजळत चालला होता.

"म्हणजे त्यांना काही नाही?" ती म्हणाली. "अहो भाऊजी, म्हणजे ती उडी, तो वेग, ते सगळं त्यांचं नाहीच? माझे आई! आणि मी वर्षभर इथे..." तिने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "तुम्ही दोघं भाऊ म्हणजे ना, फटके द्यायला हवेत! आधी नाही का सांगायचं?"

तीच चूक. अगदी तीच, जी त्या दोघांनी केली होती. धाकट्याने जन्मात कोणाचं मन मोडलं नव्हतं, आणि आता त्याला या बाईचा आनंद स्वतःच्या हाताने मोडायचा होता.

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "ठीक आहे तो मी. दादाचं काय आहे ते कोणालाच माहीत नाही. वर्ष होत आलं, त्याचं रक्त कोणी बघितलेलं नाही."

तिचे हात त्याच्या हातावरच होते. ते सैल पडत गेलेले त्याला कळले.

ती त्याच पावली खाली उतरली. दादा दुकानात हिशेबाला बसला होता, समोर गिऱ्हाईक होतं. तिने आरडाओरडा केला नाही. "चला," एवढंच म्हणाली. दादाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग जिन्यात उभ्या असलेल्या धाकट्याकडे पाहिलं, आणि टेबलाला धरून उठला. हॉस्पिटलात त्याने स्वतःची बाही स्वतः वर केली. सुई जाताना तोंड दुसरीकडे वळवलं.

आकडा आला सहाच्या वर. या खेपेच्या स्कॅनला शोधावं लागलं नाही. उजवा खुबा आणि मणक्यात दोन जागा.

वहिनीने बाईंना सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज एकदाही कापला नाही. बाई ऐकून घेत होत्या. त्यांना राग आला असणार, पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तेव्हा जे उपचार करणार होतो ते हे संपवण्यासाठी होते," त्या म्हणाल्या. "आता करू ते थोपवून धरण्यासाठी. इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत. काही वर्षं मिळतील, कदाचित बरी मिळतील. पण संपवता येईल असं आता मी म्हणू शकत नाही."

खोलीबाहेर लांब बाक होता. दादा एका टोकाला बसला, धाकटा दुसऱ्या टोकाला, मध्ये वहिनी. इंजेक्शनसाठी आत बोलावणार होते. लोक येत जात होते.

वहिनी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी नाही म्हटलं असतं तर?"

"माझंच चुकलं," दादा म्हणाला. "तू त्याला बोलू नकोस. मी कोणाचं ऐकलं नसतं."

"तुम्हाला नाही विचारलं मी. तुम्ही कसे आहात ते मला ठाऊक आहे." ती वळली. "मी भाऊजींना विचारतेय. तुम्ही नाही म्हटलं असतं, तर यांनी दिलं असतं का रक्त?"

दादाने मान हलवली. धाकट्याकडे बघून हलवली. नाही म्हण, असं सांगत होता. आयुष्यभर दादाने जे सांगितलं ते धाकट्याने केलं होतं.

"दिलं असतं, वहिनी," तो म्हणाला. "माझ्याशिवाय बसवायला त्याला दुसरं होतंच कोण?"